गिटार बदला, पण गेनच्या नॉबला हात लावू नका

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाला दिले आहे ते स्पष्ट राहील. आपल्याकडे तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागांची, स्क्वायर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) आहे, मित्राकडून काही दिवसांसाठी आणलेली एपिफोन लेस पॉल आहे आणि जोरदार हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप) बसवलेली एक आयबानेझ आहे. दोन आठवड्यांत आपण तीन अ‍ॅम्प सिम्युलेशन, म्हणजे गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरची संगणकावर नक्कल करणाऱ्या, सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्त्या उतरवून घेतल्या. प्रत्येक गिटार जोडल्यावर ऑडिओ इंटरफेसचा (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब, असा लावला की मीटर लाल होण्याच्या जरासा अलीकडे थांबेल, आणि मग तयार प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेले आवाज) एकामागून एक वाजवून पाहिले. आयबानेझ सगळीकडे बरी वाजली, स्ट्रॅट कधी किरकिरी तर कधी विनाकारण फाटलेली वाटली, आणि लेस पॉलचा नेकजवळचा पिकअप चिखलात रुतल्यासारखा ऐकू आला. आता आपण विचारता की तिन्ही गिटारींना चालेल असे सॉफ्टवेअर कोणते, आणि सगळे काम सॉफ्टवेअरच करणार असेल तर महागड्या गिटारवर पैसे का घालावेत.

या वर्णनातील एक वाक्य माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे प्रत्येक गिटारसाठी गेन नव्याने लावल्याचे. आपण गिटारी तोलायला बसलात आणि प्रत्येक वेळी तराजूच बदललात. व्यापारात याला मापात पाप म्हणतात. इथे ते नकळत झाले आहे, पण परिणाम तोच होतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांची हीच सवय असते, कारण गाणे किंवा हार्मोनियम रेकॉर्ड करताना मीटर भरून येऊ द्यायचा असे आपण शिकलेलो असतो. अ‍ॅम्पच्या सॉफ्टवेअरला मात्र हा नियम लागू पडत नाही.

पुढे जाण्यापूर्वी काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. आपण हेडफोनवर ऐकता की स्पीकरवर, खोली केवढी आहे, आपला इंटरफेस कोणता आणि संगणक किती जुना, यांवर अंतिम निवड ठरेल आणि ती मी इथून आपल्यासाठी करू शकत नाही. पुण्यातल्या एका छोट्या खोलीत मी जाहिराती आणि नाटकांच्या पार्श्वसंगीतासाठी गिटार वाजवते आणि रेकॉर्ड करते. माझी मते त्या कामातून तयार झाली आहेत. रंगमंचावर रोज दोन तास वाजवणाऱ्याचे मत काही बाबतींत वेगळे असू शकेल.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. खऱ्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्पमध्ये गिटारचा सिग्नल पहिल्या व्हॉल्व्हवर, बहुतेक वेळा १२एएक्स७ वर, जसाच्या तसा जाऊन आदळतो. वाटेत मीटर पाहून कोणी तो सारखा करून देत नाही. स्ट्रॅटचा सिंगल कॉइल पिकअप कमी व्होल्टेज देतो म्हणून तोच अ‍ॅम्प, त्याच नॉबांवर, स्ट्रॅटला स्वच्छ वाजतो आणि हंबकरला किंचित फाटतो. दोन्ही गिटारींच्या स्वभावातील फरकाचा मोठा हिस्सा या व्होल्टेजच्या फरकातच आहे. माझ्याकडच्या गिटारींवर मी मोजले तेव्हा साधा सिंगल कॉइल आणि जोरदार हंबकर यांत ६ ते १० डेसिबलचे अंतर निघाले. ६ डेसिबल म्हणजे जवळपास दुप्पट व्होल्टेज. आपण स्ट्रॅटसाठी गेन वाढवून हे अंतर पुसून टाकले, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने आपल्या स्ट्रॅटमध्ये हंबकरइतका जोर आणि सिंगल कॉइलचा तीक्ष्णपणा एकत्र आला. अशी गिटार कोणत्याही अ‍ॅम्पमध्ये किरकिरीच वाजेल. 'कधी किरकिरी, कधी फाटलेली' हे आपले वर्णन अगदी अचूक आहे, फक्त त्याचा दोष स्ट्रॅटचा नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. तिन्हींपैकी सर्वांत जोरदार गिटार घ्यावी, आपल्या बाबतीत आयबानेझ, ब्रिजजवळचा पिकअप निवडावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडावा आणि एरवी कधी वाजवणार नाही इतक्या जोरात सहाही तारांवर हात मारावा. इंटरफेसचा गेन अगदी शून्यावर असतानाही सिग्नल क्लिप होत (कमाल पातळीवर आपटून कापला जात) नाही ना, एवढे पाहावे. होत नसेल तर नॉब शून्यावरच राहू द्यावा आणि त्यावर चिकटपट्टी लावावी. मी खरोखरच पांढरी चिकटपट्टी लावते, कारण हाताची सवय डोक्यापेक्षा हट्टी असते. यानंतर स्ट्रॅट जोडल्यावर मीटर अर्ध्यापर्यंतसुद्धा येणार नाही आणि आपल्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटेल. तसे काही चुकलेले नसते. २४ बिट रेकॉर्डिंगची सैद्धांतिक व्याप्ती सुमारे १४४ डेसिबल आहे, त्यामुळे उणे १२ किंवा उणे १८ डेसिबलवर थांबलेला सिग्नल आवाजाच्या गुणवत्तेत काहीही गमावत नाही.

याच्या पुढची पायरी ज्यांना आकड्यांची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी आहे. इंटरफेसच्या माहितीपत्रकात इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी डीबीयूमध्ये (व्होल्टेज सांगणाऱ्या डेसिबलमध्ये) दिलेली असते. काही सॉफ्टवेअर बनवणारेही, डिजिटल मीटरचे शून्य म्हणजे किती डीबीयू असे धरून त्यांनी आपले अ‍ॅम्प घडवले, ते जाहीर करतात. समजा सॉफ्टवेअरने १२ डीबीयू धरले आहेत आणि आपला इंटरफेस किमान गेनवर १५ डीबीयूपर्यंत सिग्नल घेतो, तर सॉफ्टवेअरमधील इनपुटचा नॉब ३ डेसिबलने वाढवायचा, एवढाच हिशोब आहे. उलट असेल तर तेवढाच कमी करायचा. हे एकदा केले की सॉफ्टवेअरमधील अ‍ॅम्पला आपली गिटार तितक्याच व्होल्टेजने भेटते जितक्या व्होल्टेजने ती खऱ्या अ‍ॅम्पला भेटली असती. तीन सॉफ्टवेअरची तुलना करताना प्रत्येकासाठी हा आकडा वेगळा असू शकतो, आणि आपल्या पहिल्या दोन आठवड्यांच्या निष्कर्षांवर मी फारसा भरवसा ठेवू नये असे म्हणते त्याचे हे दुसरे कारण आहे.

व्होल्टेजइतकीच महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट म्हणजे इनपुटचा अवरोध, ज्याला सगळे इम्पीडन्सच म्हणतात. गिटारच्या पिकअपला पुढे सुमारे १ मेगाओहमचे इनपुट लागते. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय झेड' असे लिहिलेले बटण असते ते यासाठीच. लाइन इनपुट साधारण दहा-वीस किलोओहमचे असते आणि ते पिकअपवर इतका भार टाकते की आवाजातील चमक निघून जाते. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी भाड्याच्या स्टुडिओत वाजवताना माझी गिटार गोधडीखालून आल्यासारखी ऐकू येत होती. मी तारा बदलल्या, टोनचा नॉब उघडून पाहिला, अ‍ॅम्पच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल शेवटापर्यंत नेला आणि अख्खी दुपार घालवली. संध्याकाळी चहा घेऊन परत आल्यावर लक्षात आले की ते छोटे बटण मी दाबलेलेच नव्हते. आपल्या इंटरफेसवर ते दाबलेले आहे ना, हे आज पुन्हा एकदा पाहून घ्यावे. लेस पॉलच्या चिखलाचे एक कारण तिथेही असू शकते.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे बरेच काही उलगडते. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. तिचे इंडक्टन्स (प्रेरकता) आणि केबलची कपॅसिटन्स (धारिता) मिळून एका विशिष्ट वारंवारतेला उठाव देतात, आणि त्या उठावावरच गिटारच्या आवाजाचा चेहरा ठरतो. स्ट्रॅटच्या पिकअपचे इंडक्टन्स साधारण २.३ हेन्री धरले आणि केबल व आतील वायरिंग मिळून ५०० पिकोफॅरड धरले तर हा उठाव सुमारे ४.७ किलोहर्ट्झवर येतो. जुन्या धाटणीच्या हंबकरचे ४.५ हेन्री धरले तर तो ३.४ किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो, आणि आयबानेझमध्ये असतात तसल्या जास्त वेढ्यांच्या पिकअपमध्ये आणखी खाली. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. तीन मीटरच्या केबलऐवजी सहा मीटरची केबल लावली तरी हा उठाव सरकतो. म्हणून तिन्ही गिटारी एकाच केबलने तपासाव्यात, आणि वायरलेस यंत्र मध्ये असेल तर चाचणीपुरते ते बाजूला ठेवावे.

इथेच एक मर्यादा मान्य केली पाहिजे. जुन्या पद्धतीचे फझ पेडल (पायाशी ठेवायचे, आवाज खरखरीत करणारे यंत्र) पिकअपवर भार टाकते आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की एकदम स्वच्छ होते. हा खेळ पिकअप आणि पेडल यांच्यातील प्रत्यक्ष विद्युत संबंधावर चालतो. इंटरफेसच्या १ मेगाओहमच्या पलीकडे बसलेले सॉफ्टवेअर आपल्या पिकअपपर्यंत हात पोहोचवू शकत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील फझ स्ट्रॅटवर वेगळाच वागला तर आपले काही चुकले असे समजू नये. मी अशा कामासाठी अजूनही खरे पेडल इंटरफेसच्या आधी जोडते.

आता गिटारींकडे. आपल्या तीन गिटारी तीन वेगवेगळ्या विचारांतून आल्या आहेत. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरची स्केल लांबी (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) २५.५ इंच, पिकअप सिंगल कॉइल आणि पॉट (व्हॉल्यूम व टोनच्या नॉबखालचे बदलते रोध) सहसा २५० किलोओहमचे. लेस पॉल १९५२ची, तिची स्केल लांबी सुमारे २४.७५ इंच, आणि सेथ लव्हर यांनी गुणगुण घालवण्यासाठी बनवलेले हंबकर तिच्यावर १९५७ पासून बसू लागले. पॉट ५०० किलोओहमचे. स्केल लांब असली की त्याच सुराला तार अधिक ताणलेली असते आणि खालच्या तारा अधिक घट्ट, सुट्या ऐकू येतात. लेस पॉलचा नेक पिकअप जाड तारांचा मंद्र भाग भरभरून देतो, आणि हा मंद्र भाग डिस्टॉर्शनच्या (आवाज मुद्दाम फाडण्याच्या) आधी जास्त असला की स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात.

'आधी' या शब्दावर मी मुद्दाम जोर देते. डिस्टॉर्शननंतर अ‍ॅम्पचा बास कमी केल्याने गढूळपणा फारसा जात नाही, कारण गढूळपणा तयार होऊन गेलेला असतो. तो आधीच कापावा लागतो. मेटल वाजवणारे हाय गेन (आवाज खूप फाडणाऱ्या) अ‍ॅम्पच्या पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचे पेडल ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल वर ठेवून का लावतात, याचे उत्तर हेच आहे. त्या पेडलच्या क्लिपिंगच्या टप्प्यात सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला कमी कमी उचल मिळते. आपल्या तिन्ही चाचणी आवृत्त्यांत अशा जातीचे एखादे पेडल सापडण्याची शक्यता मोठी आहे. लेस पॉलच्या नेक पिकअपला ते लावून पाहावे, किंवा नुसता पिकअप स्क्रूने दोन फेरे खाली उतरवावा. दुसरा उपाय फुकट आहे आणि माझ्या मते अधिक चांगला. फक्त गिटार मित्राची असल्याने आधी विचारावे.

प्रीसेटबद्दल माझे मत थोडे कडक आहे. प्रीसेट म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा. ज्याने तो बनवला त्याच्या हातात कोणती गिटार होती, कोणत्या तारा होत्या, इनपुट किती होते, हे आपल्याला ठाऊक नसते. आपली आयबानेझ 'सगळीकडे बरी वाजली' याचे कारण आपण उघडलेले बहुतेक प्रीसेट हाय गेनचे असावेत आणि ते बनवणाऱ्याच्या हातात तशीच गिटार असावी, असा माझा अंदाज आहे. शिवाय हाय गेनमध्ये सिग्नल इतका दाबला जातो की गिटारींमधले पुष्कळ भेद सपाट होतात. सॉफ्टवेअर तपासायचे असेल तर कोरा पडदा उघडावा, एकच अ‍ॅम्प ठेवावा, रिव्हर्ब, डिले, कॉम्प्रेसर, नॉइज गेट सगळे बंद करावे आणि टोनचे नॉब मधोमध आणावेत. गेन तिथे ठेवावा जिथे हळू वाजवल्यावर आवाज स्वच्छ राहतो आणि जोरात वाजवल्यावर किंचित फाटतो. गिटारींमधील फरक याच काठावर सर्वांत स्पष्ट ऐकू येतो.

त्यानंतर कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. चाचणी करणारे बहुतेक जण इथे दोन मिनिटे देतात आणि अ‍ॅम्पवर दोन तास घालवतात. मी उलटे करायला सांगेन. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो, आणि हीच गळती डिस्टॉर्शनची करकर कानाला सोसवेल अशी करते. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प जेटीएम ४५ हा फेंडर बेसमनच्या मंडलावरून बेतलेला होता. व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर निराळे होते हे खरे, पण बेसमनचा आवाज उघड्या पाठीच्या पेटीतील चार १० इंची स्पीकरमधून आणि मार्शलचा बंद पेटीतील चार १२ इंची सेलेस्टियन स्पीकरमधून बाहेर पडत असे, आणि दोघांची ओळख वेगळी होण्यात या पेट्यांचा वाटा मोठा होता. सॉफ्टवेअरमध्ये ही पेटी, तिच्यासमोरचा मायक्रोफोन आणि त्याची जागा एका छोट्या ध्वनिफाइलमध्ये साठवलेली असते, तिला इम्पल्स रिस्पॉन्स किंवा आयआर म्हणतात. प्रत्येक सॉफ्टवेअरची स्वतःची कॅबिनेट ठेवून तुलना केली तर आपण अ‍ॅम्पची नव्हे, स्पीकर आणि मायक्रोफोनची तुलना करत असतो. म्हणून बाहेरची एकच आयआर घ्यावी, समजा १२ इंची ग्रीनबॅक स्पीकर आणि समोर शुअर एसएम ५७ मायक्रोफोन, आणि तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्यांची कॅबिनेट बंद करून तीच लावावी. मग स्ट्रॅट किरकिरी वाटली तर मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे सरकवलेली दुसरी आयआर लावून पाहावी. ट्रेबलच्या नॉबने जे साधत नाही ते बहुतेक वेळा इथे साधते.

इथपर्यंतची मांडणी एकदा जुळवून घेऊ: इंटरफेसचा गेन कायमचा ठरलेला, हाय झेड बटण दाबलेले, केबल एक, आयआर एक, इफेक्ट बंद. आता फक्त दोनच गोष्टी बदलतात, गिटार आणि सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प. आता कुठे तुलना सुरू होते.

तुलना मी दोन वेगळ्या बैठकांत करते. पहिल्या बैठकीत सॉफ्टवेअर बंदच असते. प्रत्येक गिटारवर तोच एक मिनिटाचा तुकडा कोरा रेकॉर्ड करते: एक उघडा कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत, खालच्या दोन तारांवर एक रिफ, वरच्या तारांवर एक धून, आणि शेवटी तोच कॉर्ड व्हॉल्यूमचा नॉब १० वरून ४ पर्यंत उतरवत. हा कोरा तुकडा मग तिन्ही सॉफ्टवेअरमधून जातो, त्यामुळे हाताचा फरक मध्ये येत नाही. इथे एक काळजी फार महत्त्वाची आहे. अ‍ॅम्पमधून बाहेर येणारे आवाज मोठेपणात एकसारखे करून घ्यावेत, अगदी अर्ध्या-एका डेसिबलपर्यंत, कारण कानाला मोठा आवाज चांगला वाटतो आणि हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. शक्य असेल तर फाइलींची नावे कोणाकडून तरी बदलून घ्यावीत. माझ्या एका विद्यार्थ्याने अशी अदलाबदल करून दिली तेव्हा मी फुकटच्या सॉफ्टवेअरला छातीठोकपणे महागडे ठरवले होते. तेव्हापासून मी या विषयावर जरा बेताने बोलते.

त्या तुकड्यात काय ऐकायचे? कॉर्ड विरताना डिस्टॉर्शन हळूहळू स्वच्छ होते की एका क्षणी तुटल्यासारखे थांबते, हे पाहावे. व्हॉल्यूम उतरवल्यावर नुसता आवाज कमी होतो की फाटणेही कमी होते, हे पाहावे. आवाजच कमी झाला तर बहुधा गेन फार जास्त आहे किंवा त्या मॉडेलला हळू-जोरात वाजवण्यातील फरकाची समज कमी आहे. आणि एक खास परीक्षा: गेन भरपूर वाढवून वरच्या तारेवर पंधराव्या पडद्याच्या पुढे एक लांब बेंड घ्यावा, म्हणजे तार ओढून सूर चढवावा. सूर वर जाताना मागे एखादा बारीक, बेसूर आवाज उलट खाली उतरताना ऐकू आला तर ते अ‍ॅलिअसिंग आहे, म्हणजे डिजिटल मर्यादेवर आपटून परत फिरलेले स्वरांश. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरसॅम्पलिंगचा, म्हणजे आतला हिशोब अधिक बारीक तुकड्यांत करण्याचा, पर्याय असतो. तो वाढवल्यावर हा आवाज कमी होतो आणि संगणकावरचा भार वाढतो.

दुसरी बैठक हातांची. रेकॉर्ड केलेला तुकडा कितीही छान वाजला तरी बोटांना अ‍ॅम्प कसा उत्तर देतो हे त्यातून कळत नाही, आणि तिथे लॅटन्सी, म्हणजे तार छेडणे आणि आवाज ऐकू येणे यांतला उशीर, आडवी येते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो ध्वनीचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, आत येताना आणि बाहेर जाताना मिळून, ड्रायव्हरचा वेळ धरून, एकूण आठ-दहा मिलिसेकंद सहज होतात. हवेत आवाज १ मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे हा उशीर अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभे राहून वाजवण्याइतका आहे. मला तेवढा चालतो. पण एका सॉफ्टवेअरला ६४चा बफर आणि दुसऱ्याला २५६चा दिलात तर दुसरे 'मेलेले' वाटेल आणि आपण दोष मॉडेलला द्याल. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (हा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर निवडलेला आहे ना, हेही पाहावे.

स्ट्रॅटच्या गुणगुणीबद्दल आपण ओझरते लिहिले आहे, म्हणून तेवढ्यापुरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल पिकअप ती व तिचे पटीतले स्वर हवेतून उचलतो. हाय गेन अ‍ॅम्प तीच गुणगुण शेकडो पटींनी मोठी करून दाखवतो. पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवे, लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर आणि जुन्या घरांतील नसलेले अर्थिंग, हे नेहमीचे संशयित. चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावे आणि संगणकासमोरून थोडे वळून बसावे. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो. तशा गिटारवर पाचपैकी दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हंबकरसारखी शांतता मिळते. नॉइज गेट सगळ्यात शेवटी, कारण तो विरणाऱ्या स्वरांची शेपटी कापतो.

आणि तारा. तीन गिटारींवर तीन वेगवेगळ्या वयांच्या तारा असतील तर वरची सगळी मेहनत वाया जाते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात तार दोन-तीन आठवड्यांतच मंद होते, आणि जुन्या तारेची हरवलेली चमक कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. तिन्ही गिटारींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या नव्या तारा चढवाव्यात, एक दिवस त्यांना बसू द्यावे आणि मग तपासावे. हा खर्च अशा कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा (प्लगइनपेक्षा) कितीतरी कमी आहे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे गिटारवर पैसे का घालावेत. माझ्या अनुभवात अतिशय फाटलेल्या आवाजात गिटारींमधील अंतर कमी होते, आणि स्वच्छ किंवा काठावरच्या आवाजात ते उघडे पडते. पण ते अंतर किमतीचे क्वचितच असते. पिकअपचा प्रकार, त्याची तारांपासूनची उंची, तारा, आणि गिटारचे सेटअप (तारांची उंची, नेक आणि सूर यांची जुळणी) नीट झाले आहे की नाही, याचे ते असते. स्वरात न बसलेल्या पडद्यांची गिटार महागड्या मॉडेलमधूनही बेसूरच वाजेल, उलट कॉर्डमधला बेसूरपणा डिस्टॉर्शनमुळे आणखी बोचेल. म्हणून दुसरी महाग गिटार घेण्याआधी आहे त्या स्ट्रॅटचे सेटअप चांगल्या कारागिराकडून करून घ्यावे असे मी सुचवेन.

राहिली खरेदी. आपण ब्लूज आणि थोडे मेटल वाजवता असे लिहिले आहे, म्हणून सुरुवात न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने करावी. त्यात लोकांनी आपापल्या अ‍ॅम्पची टिपलेली मॉडेल चालवता येतात. मर्यादा अशी की बहुतेक मॉडेल अ‍ॅम्पच्या नॉबांच्या एकाच स्थितीचे छायाचित्र असते. गेन बदलायचा तर दुसरे मॉडेल उघडावे लागते. गिटारच्या व्हॉल्यूमवरूनच आवाज घडवणाऱ्या ब्लूज वादकाला याची अडचण वाटत नाही. ज्याला नॉब फिरवत, पेडल बदलत, एकाच खिडकीत सगळे हवे असते त्याने गिटार रिग किंवा अ‍ॅम्प्लिट्यूबसारखे मोठे पॅकेज पाहावे, आणि ज्याला एकाच जातीचा हाय गेन आवाज हवा आहे त्याने न्यूरल डीएसपीचे एखादे एकट्या अ‍ॅम्पचे प्लगइन. यांच्या चाचणीची मुदत मर्यादित असते, तेव्हा तारा, आयआर आणि कोरे तुकडे तयार झाल्यावरच ती सुरू करावी. आपण मागच्या वेळी मुदत आधी सुरू केलीत आणि तयारी नंतर.

लेस पॉल परत द्यायच्या आधी तिचा कोरा तुकडा मात्र नक्की रेकॉर्ड करून ठेवावा, दोन्ही पिकअपवर. गिटार मित्राकडे गेली तरी त्या फाइलवर पुढची सहा महिने आपल्याला अ‍ॅम्प तपासता येतील. चिकटपट्टी लावल्यानंतरही स्ट्रॅट किरकिरीच वाटली तर पिकअप आणि तार यांच्यातील अंतर मिलिमीटरमध्ये मोजून आणि इंटरफेसचे नाव लिहून कळवावे. मग त्या आकड्यांवरून पुढे बोलू.